लोणच्याची फोड

आमच्या गावाकडच्या घरात जिजी लोणचं खात नसे. लहानपणी आम्हा भावंडांना याचं फार नवल वाटायचं. घरात वर्षाला दोन मोठ्या बरण्या भरून लोणचं व्हायचं, ते घालायचीही जिजीच. कैऱ्या निवडणं, फोडी करणं, मीठ-हळद लावून ठेवणं, मोहरी फेसणं, सगळं तिच्या हातचं. पण स्वतःच्या ताटात कधी एक फोड नाही. का म्हणून विचारलं तर "मला सोसत न्हाई," एवढंच म्हणायची आणि विषय बदलायची.

जिजी म्हणजे माझ्या आजोबांच्या धाकट्या भावाची बायको. त्या भावाला, म्हणजे बापूंना, मी पाहिलेलं नाही. ते १९४३ च्या आषाढात गेले. का गेले याचं घरातलं उत्तर ठरलेलं होतं. बापूंना क्षय झाला, पाचगणीला दोन वर्षं ठेवलं, बरे होऊन आले, आणि मग जिजीनं पथ्य मोडलं. वैद्यांनी अळणी सांगितलं असताना तिनं चोरून लोणच्याची फोड दिली, ती सासूनं पाहिली. त्यानंतर अंगावर सूज चढली ती उतरलीच नाही. "बरा झालेला माणूस हिनं घालवला." हे वाक्य मी माझ्या लहानपणी, म्हणजे घटनेला तीस-बत्तीस वर्षं उलटून गेल्यावरही, घरातल्या मोठ्या बायकांच्या तोंडून ऐकलेलं आहे. जिजी १९८६ साली गेली. तोवर ते वाक्य तिच्या पाठीवर होतं.

या फोडीबद्दल लिहीन लिहीन म्हणत बरेच दिवस गेले. आज लिहितोय. पण त्यासाठी थोडं लांबून यावं लागेल.

आमचं गाव वाळवा तालुक्यातलं. आज हा भाग सांगली जिल्ह्यात येतो, पण बापूंच्या वेळी तो सातारा जिल्हाच होता. १९४९ मध्ये त्याचे दोन तुकडे झाले आणि आमचा भाग 'दक्षिण सातारा' झाला. सांगली हे नाव जिल्ह्याला मिळालं १९६० मध्ये. त्यामुळे घरातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात 'साताऱ्याला जाणं' म्हणजे कोर्ट-कचेरी, आणि 'मिरजेला जाणं' म्हणजे दवाखाना.

मिरज दवाखान्यांचं गाव झालं ते डॉ. विल्यम वॉनलेस या कॅनडातून आलेल्या मिशनरी डॉक्टरांमुळे. त्यांनी आधी सांगलीत काम सुरू केलं, मग मिरजेला आले आणि १८९४ मध्ये तिथे रुग्णालय उभं राहिलं. तीनेक वर्षांनी वैद्यकीय शिक्षणाची शाळाही निघाली. महारोग्यांसाठी आणि क्षयरोग्यांसाठी वेगळी सोय झाली. सांगली-मिरजेच्या मधला वानलेसवाडी हा भाग आजही त्यांचं नाव सांगतो. वर साताऱ्याकडे पाचगणीला डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये 'बेल एअर' हे क्षयरोग्यांचं आरोग्यधाम काढलं. कोरडी थंड हवा, उंची, शांतता. क्षयावर औषध असं काही नव्हतंच तेव्हा. विश्रांती, दूध, अंडी, मोकळी हवा, आणि फार तर फुप्फुसाच्या बाहेरच्या पोकळीत सुईनं हवा भरून ते फुप्फुस काही काळ मिटवून ठेवायचं, की त्यालाही विश्रांती मिळेल. एवढाच उपचार.

बापूंना १९३९ मध्ये पाचगणीच्या एका आरोग्यधामात नेलं. ताकारीला मीटरगेज गाडीत बसायचं, वाठार स्टेशनावर उतरायचं, तिथून मोटारीनं वाई आणि मग पसरणीचा घाट. आजोबा दर दोन-तीन महिन्यांनी जायचे. खर्चापायी मळ्याखालचं दोन एकर रान गहाण पडलं होतं. १९४१ साली बापू परत आले तेव्हा खोकला जवळपास थांबला होता, ताप उतरला होता आणि मुख्य म्हणजे वजन वाढलं होतं. घरात पेढे वाटले गेले.

हे पेढे लक्षात ठेवा, पुढे त्यांच्याकडे परत यायचं आहे.

आता सत्तरेक वर्षं पुढे. २०१४ मध्ये माझ्या आईची पाठ दुखायला लागली. वय सदुसष्ट. एका डॉक्टरांनी वयाचं दुखणं म्हणून वेदनाशामक गोळ्या दिल्या. त्या सात महिने चालू राहिल्या. मधे रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या. लघवीची साधी तपासणी झाली, पट्टीवर प्रथिनं नाममात्र आली, म्हणून तिकडे कुणी बघितलं नाही. मग एक दिवस उलट्या सुरू झाल्या, सांगलीत दाखल केलं आणि क्रिएटिनीन पाचाच्या वर निघालं. किडनीच्या डॉक्टरांनी चोवीस तासांची लघवी साठवायला सांगितली. त्यात प्रथिनं भरपूर! पट्टीला न दिसलेली. रक्ताच्या तपासणीत एकाच जातीच्या प्रथिनाचा उंच सुळका आला. मल्टिपल मायलोमा, म्हणजे हाडांच्या मज्जेतल्या पेशींचा कर्करोग.

डायलिसिसच्या खोलीबाहेर मी त्या डॉक्टरांना विचारलं, "रोग हाडात, मग किडनी कशी गेली?" ते म्हणाले, "किडनीचा काही दोष नाही हो. रक्तात जे नको ते आलं, ते तिथं जाऊन बसलं."

हे वाक्य डोक्यात राहिलं. घरी आल्यावर मी वाचायला लागलो.

लघवीतल्या प्रथिनांचा इतिहास मोठा गमतीदार आहे. १८२७ मध्ये लंडनच्या रिचर्ड ब्राइट यांनी दाखवलं की अंगावर सूज असलेल्या कित्येक रोग्यांची लघवी तापवली की अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यासारखी गोठते, आणि अशा माणसांची मूत्रपिंडं मरणोत्तर तपासणीत बिघडलेली सापडतात. चमच्यात लघवी घ्यायची आणि मेणबत्तीवर धरायची. एवढ्या साधनावर एक अख्खा रोग हाती लागला. मग १८४५ च्या शरदात त्याच शहरात एक किराणा व्यापारी हाडांच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळला. त्याची लघवी विचित्र होती. तापवली की गढूळ व्हायची, पण आणखी उकळली की निवळायची, आणि थंड झाली की पुन्हा गढूळ! अंड्याचा पांढरा एकदा गोठला की पुन्हा पातळ होत नाही. हे काहीतरी वेगळंच होतं. डॉ. विल्यम मॅकिंटायर यांनी तो नमुना रसायनाचे जाणकार हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे पाठवला. रोगी १८४६ च्या सुरुवातीलाच गेला, पण त्या प्रथिनाला बेन्स जोन्स यांचं नाव चिकटलं ते आजतागायत. ते नेमकं काय आहे हे कळायला मात्र ११७ वर्षं जावी लागली. १९६२ मध्ये जेराल्ड एडेलमन आणि जोसेफ गॅली यांनी दाखवलं की ते म्हणजे आपल्याच प्रतिपिंडाचा एक तुटका भाग, हलकी साखळी.

माझ्या आईच्या शरीरात हेच होत होतं. बिघडलेल्या पेशी या हलक्या साखळ्या बेसुमार तयार करत होत्या. त्या इतक्या लहान की मूत्रपिंडाच्या गाळणीतून सहज खाली उतरतात. थोड्या असल्या तर पुढच्या नळ्या त्या शोषून पचवतात. पण लोंढाच आला तर? तिथल्या एका चिकट प्रथिनाशी त्यांची गाठ पडते आणि नळ्यांत घट्ट बोळे तयार होतात. आमच्याकडे पाटाच्या मोरीत पाचट अडकलं की मागं पाणी तुंबतं, तसं. त्यात पाणी कमी प्यायलं आणि वेदनाशामक गोळ्या चालू असल्या तर बोळे लवकर बसतात. आईचं दोन्ही झालं होतं. आणि पट्टीला काही दिसलं नाही कारण पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन ओळखते, हलक्या साखळ्या तिच्या नजरेतून निसटतात. चमचा आणि मेणबत्तीच्या जमान्यातली परीक्षा कदाचित काही सांगून गेली असती. असो.

बोर्टेझोमिबची इंजेक्शनं सुरू झाली, सहा आठवड्यांनी डायलिसिस थांबलं आणि आई पुढे पाच वर्षं आमच्यात राहिली. त्या पाच वर्षांत २०१६ साली गावाकडचं घर पाडायचं ठरलं आणि माडीवरची आजोबांची पत्र्याची पेटी मी उघडली. गहाणखतं, पाटपाण्याच्या पावत्या, आणि त्यांच्या खाली पाचगणीचं एक कार्ड. जाड पिवळट पुठ्ठा, इंग्रजी अक्षरं, आखलेले रकाने. तारीख, ताप, नाडी, वजन, थुंकी, लघवी. बापूंचं कार्ड.

ताप उतरत गेलेला दिसत होता. थुंकीतले जंतू एका महिन्यात आहेत, पुढच्यात नाहीत, परत आहेत. लघवीच्या रकान्यात सुरुवातीला काही नाही. १९४० च्या पावसाळ्यात पहिल्यांदा 'अल्ब्युमिन, किंचित'. मग एक अधिक चिन्ह. मग तीन. १९४१ च्या शेवटच्या नोंदीत चार.

आणि वजन? १९४० च्या डिसेंबरात ९६ रत्तल. घरी सोडताना ११७ रत्तल. पाच-सहा महिन्यांत एकवीस रत्तल, आणि तेवढ्याच काळात लघवीत प्रथिनं एकावरून चारावर.

मी ते कार्ड घेऊन आईच्या पुढच्या तपासणीला गेलो. डॉक्टरांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितलं. म्हणाले, "खात्रीनं कुणीच सांगू शकणार नाही. पण जुना क्षय, वर्षानुवर्षं धुमसलेला, चार अधिक प्रथिनं आणि अंगावर सूज, म्हणजे पहिला संशय अमायलॉइडचाच. आणि हे वजन म्हणजे पाणी असणार."

म्हणजे आम्ही पेढे वाटले ते सुजेचे.

अमायलॉइड हा शब्द मी आईच्या आजारात ऐकला होता, कारण हलक्या साखळ्या कधी कधी बोळे न करता धाग्यांसारख्या अवयवांत साचतात, त्यालाही हेच नाव. पण त्याची जुनी आणि आपल्याकडे जास्त भेटणारी जात क्षयाची, महारोगाची, हाडातल्या वाहत्या जखमांची. शरीरात कुठंही दाह पेटला की यकृत एक प्रथिन रक्तात सोडतं. चार दिवसांचा ताप असेल तर ते शेकडो पटींनी वाढतं आणि ताप उतरला की ओसरतं. त्यानं काही बिघडत नाही. पण दाह वर्षानुवर्षं विझलाच नाही तर त्या प्रथिनाचे तुकडे चुकीच्या घड्या घालून धाग्यासारखे जमायला लागतात. प्लीहा, यकृत, आणि सगळ्यात वाईट म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळण्या. मग गाळणी फाटल्यासारखी होते, रक्तातलं चांगलं अल्ब्युमिन लघवीवाटे वाहून जातं, अंगावर पाणी चढतं, आणि शेवटी गाळणी बंद.

१८४२ मध्येच व्हिएन्नाच्या रोकिटान्स्की यांनी क्षय आणि उपदंशानं गेलेल्यांची मेणचट झालेली यकृतं वर्णन केली होती. १८५४ मध्ये व्युर्झबर्गच्या व्हिर्शो यांनी अशा साठ्यावर आयोडिन टाकलं, पिष्टासारखा रंग आला, म्हणून त्यांनी 'पिष्टासारखा पदार्थ' या अर्थानं अमायलॉइड हे नाव वापरलं. पाचच वर्षांत, १८५९ मध्ये, फ्रीडराइश आणि केकुले यांनी तपासून सांगितलं की यात पिष्ट नाहीच, हे प्रथिन आहे. पण नाव पडलं ते पडलं. एकदा चुकीचं नाव चिकटलं की खरं कळल्यावरही ते निघत नाही, हे शास्त्रातही होतं म्हणायचं.

१९२२ मध्ये बेनहोल्ड यांनी काँगो रेड या रंगाची परीक्षा आणली. शिरेतून रंग टोचायचा, आणि तासाभरात तो रक्तातून नाहीसा झाला तर अमायलॉइडनं शोषला असं समजायचं. म्हणजे बापूंच्या काळात हा रोग ठाऊक होता, ओळखायची रीतही होती. उपाय मात्र नव्हता.

आता मला या सगळ्या इतिहासातली खरी टोचणारी गोष्ट सांगू द्या. अमायलॉइडला वेळ लागतो. क्षयानं माणूस वर्षभरात गेला तर मूत्रपिंडात काही साचायला सवडच मिळत नाही. पाचगणीची हवा, वानलेसवाडीची शुश्रूषा, दूध-अंडी, विश्रांती यांनी माणसं जगवली, त्यांची वर्षं वाढवली. पण जंतू मारायचं साधन कुणाकडेच नव्हतं. राख झाकलेला निखारा आत तसाच. म्हणजे रोग जिंकलाही नाही आणि हरलाही नाही. अर्ध्यावर बरं झालेल्या माणसाचा हा आजार आहे. आरोग्यधामांचा यात दोष काढायचा नाही, त्यांनी जे हातात होतं ते सगळं केलं. पण क्षयाच्या गोष्टी आपण खोकला, रक्त आणि फुप्फुस इथंच संपवतो. त्यातल्या काही गोष्टी मूत्रपिंडात संपल्या, आणि त्या घराघरांत 'सुजेनं गेला', 'पथ्य मोडलं', 'कुणीतरी घातलं' अशा नोंदल्या गेल्या.

महारोग्यांचंही तेच. वारंवार गाठी येऊन ताप भरणारे जे रोगी असतात, त्यांच्यात हे धागे मूत्रपिंडात साचतात. इथं एक विलक्षण गाठ आहे. त्या तापाच्या झटक्यांवर १९६० च्या दशकात जेरुसलेमच्या याकोब शेस्किन यांना थॅलिडोमाइड गुणकारी आढळलं. गर्भातल्या मुलांना अपंग करणारं म्हणून जगभर बदनाम झालेलं तेच औषध. आणि १९९९ मध्ये तेच मायलोमावर चालतं असं सिद्ध झालं. महारोग्याच्या गोळीतून माझ्या आईच्या रोगापर्यंत रस्ता निघाला.

बापू गेले त्या १९४३ साली आमच्या भागात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारची धामधूम सुरू झालेली होती. त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी आपल्या फिरत्या पिंपाच्या यंत्रावर पहिल्या रोग्याचं रक्त गाळलं, आणि त्याच वर्षी अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन सापडलं. दोन्ही आमच्या मळ्यापर्यंत पोचायला फार उशीर होता. १९५२ मध्ये आयसोनियाझिड आलं. १९५९ मध्ये मद्रासच्या प्रयोगानं जाहीर केलं की औषधं नीट घेतली तर घरी राहिलेला क्षयरोगी आरोग्यधामातल्या रोग्याइतकाच बरा होतो. आरोग्यधामांचा काळ तिथं संपत आला. निखारा विझवता यायला लागला, तसं क्षयामागून येणारं अमायलॉइडही मागं हटलं. पण उपचार अर्धवट सोडणारे आजही आहेत, त्यामुळे ते पुरतं गेलेलं नाही.

आणि ती फोड? मीही हाच प्रश्न डॉक्टरांना विचारला होता. अंगावर पाणी असलेल्या माणसाला मीठ जास्त झालं तर सूज वाढते, ते खरं. वैद्यांनी अळणी सांगितलं तेही बरोबरच. पण गाळणी एका फोडीनं फाटत नाही. ती १९४० च्या पावसाळ्यात, जिजी शंभर मैलांवर गावात भांगलणीला जात असताना फाटायला लागली होती. कार्डावर तारीखवार लिहिलेलं आहे. ते कार्ड आमच्याच माडीवर पंचाहत्तर वर्षं होतं. वाचणारं कुणी नव्हतं, आणि ज्यांनी लिहिलं त्यांना आमच्या घरात काय चाललंय हे कळायचं कारण नव्हतं.

मागच्या दिवाळीत मी हे सगळं आमच्या आत्याला सांगितलं. तिचं वय आता पंच्याऐंशीच्या पुढे. जिजीला बोलणाऱ्या बायकांतली ही शेवटची. तिनं सगळं ऐकून घेतलं. कार्ड हातात घेऊन उलटंसुलटं केलं. मग म्हणाली, "आईच्या तोंडचं ऐकून आम्हीपण म्हणत आलो रे. तिनं एकदा तरी भांडायचं हुतं." मी म्हटलं, "काय म्हणून भांडणार आत्या? तिला स्वतःलाच तसं वाटत होतं."

बऱ्याच वेळानं आत्या एवढंच म्हणाली, "व्हय. म्हणून खात नव्हती."

वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात वयस्कर माणसाची पाठ महिनोन्‌महिने दुखत असेल, रक्त कमी निघत असेल, लघवीला फेस येत असेल किंवा क्रिएटिनीन वाढत असेल, तर नुसत्या गोळ्यांवर आणि नुसत्या पट्टीवर राहू नका. रक्तातल्या प्रथिनांची तपासणी करायची का, एवढं डॉक्टरांना विचारा. आणि तुमच्याकडेही जुन्या पेटीत असं एखादं कार्ड असेल तर ते कुणाला तरी वाचायला द्या. आमचं वाचलं जाईपर्यंत जिजी राहिली नाही.